जुन्या ट्रकचा दरवाजा बसवणे: डाव्या बाजूच्या फटी जुळत नाहीत (१९५१ शेवरोलेट ३१००)

शेवरोलेट५१

नमस्कार मंडळी,

गाडी १९५१ सालचा शेवरोलेट ३१०० पिकअप, मागच्या कोपऱ्यांनाही काचा असलेली पाच खिडक्यांची केबिन. दोन्ही बाजूंचे सिल (दरवाज्याखालचे आडवे पत्रे) आणि डावीकडचा पुढचा फ्लोअर गंजून गेला होता, ते पत्रे बदलून झाले. केबिन नव्या रबरांसकट चासीवर परत बसवली. उजवा दरवाजा व्यवस्थित बसतो, डावा बसत नाही. काच, वायंडर, बीडिंग काहीही न लावता नुसता दरवाजा टांगून घेतलेली मापे:

पुढची उभी फट: वर ५, मध्ये ५, खाली ५ मिमी
मागची उभी फट: वर ६, खाली ६
वरची आडवी फट: पुढे ४, मागे १०
खालची आडवी फट: पुढे ६, मागे जेमतेम कागद सरकतो

खिडकीखालची रेषा मागच्या टोकाला केबिनच्या रेषेपेक्षा ६ मिमी खाली येते. शिवाय दरवाज्याचा मागचा खालचा कोपरा केबिनच्या पत्र्यापेक्षा ४ मिमी बाहेर राहतो.

इथल्या डेंटरचं म्हणणं, कब्जे सैल झालेत, दरवाजा लोंबलाय, खालच्या कब्ज्यामागे पॅकिंग टाकू. ते करण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा. मुळात फट किती ठेवायची हेही सांगा.

गॅरेजगप्पा

आधी पिना तपासा. दरवाजा अर्धा उघडा, मागच्या टोकाला खालून धरून वर उचला आणि नजर कब्ज्यावर ठेवा. कब्ज्याची दोन पानं एकमेकांत हलली तर पिन किंवा भोक झिजलंय. कब्जाच पिलरवर (केबिनच्या उभ्या खांबावर) हलला तर स्क्रू सैल आहेत किंवा पिलरच्या आतली आटेवाली पट्टी सुटलीय. कब्जा हलत नाही पण पिलरचा पत्राच आत-बाहेर होतो असं दिसलं तर पिलर आतून सडलाय, मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो.

थोडीशी झीजही टोकाला मोठी दिसते. समजा दोन कब्ज्यांत ५०० मिमी अंतर आणि दरवाजा ९०० मिमी लांब. वरच्या पिनेत अर्धा मिमी आणि खालच्या पिनेत अर्धा मिमी खेळ असेल तर मागचं टोक १.८ मिमी खाली येतं.

पिन बदलताना नुसती नवी पिन घालू नका. भोक अंडाकृती झालेलं असतं. रीमर फिरवून जाड पिन घाला किंवा पितळी बुश बसवा.

ओळंबा

गॅरेजगप्पा यांची तपासणी करावीच, पण मला हा दरवाजा लोंबलेला वाटत नाही. शेवरोलेट५१, तुमचीच मापे परत वाचा. पुढची उभी फट वरपासून खालपर्यंत ५ आहे.

दरवाजा कब्ज्यातून लोंबतो तेव्हा तो फिरतो. वरचा कब्जा मागे ओढला जातो, खालचा पुढे दाबला जातो. म्हणजे पुढची फट वर रुंद आणि खाली अरुंद व्हायलाच हवी, आणि मागची त्याच्या उलट. वरच्याच हिशोबाने टोक ६ मिमी लोंबायचं तर दोन कब्ज्यांमध्ये मिळून सव्वातीन मिमीचा फरक पडेल. तुमच्याकडे शून्य आहे.

दोन्ही उभ्या फटी समांतर, आडव्या फटी मात्र पाचरीसारख्या आणि रेषा खाली: याचा अर्थ दरवाजा पुढच्या पिलरशी काटकोनात आहे आणि पिलरच मागच्या पिलरच्या तुलनेत सहा मिमी खाली बसलाय. दरवाजा बिचारा पिलरबरोबर खाली गेला. दोष केबिनच्या चौकटीत आहे.

आता कब्ज्यामागे पॅकिंग घातलं तर काय होईल पाहा. खालच्या कब्ज्याला सव्वातीन मिमी पट्टी घालून मागचं टोक सहा मिमी उचललं जाईल, रेषा जुळेल, वरची-खालची फट बरी दिसेल. पण पुढची फट खाली आठच्या पुढे जाईल आणि मागची फट खाली अडीच-तीनवर येईल. एक जोडी जुळवताना दुसरी बिघडली. मग कुणीतरी कडा घासायला घेईल.

नवशिक्या_०७

वाचतोय. ओळंबा, एक शंका. चौकट कलली हे मोजायचं कसं? कर्ण मोजले की कळेल का?

ओळंबा

कळेल, पण एक सावधगिरी. दरवाज्याचं तोंड काही आयत नसतं. काचेपाशी पुढचा पिलर तिरका, वरचे कोपरे गोल. त्यामुळे एकाच बाजूचे दोन कर्ण सारखे यायला हवेत असा नियम लावू नका. डाव्या बाजूचा कर्ण उजव्या बाजूच्या त्याच कर्णाशी ताडायचा. उजवा दरवाजा नीट बसतोय, म्हणजे तुमच्याकडे नमुना तयार आहे.

दोन्हीकडे अगदी त्याच जागा धरा: वरच्या कब्ज्याच्या वरच्या स्क्रूचा मध्य, खालच्या कब्ज्याच्या खालच्या स्क्रूचा मध्य, आणि मागच्या पिलरवर लॉकच्या पट्टीचे वरचे-खालचे स्क्रू. कारखान्यात पाडलेली भोकं ही सगळ्यात भरवशाची खूण. पत्र्याच्या कडेवरून माप घेतलं तर दुरुस्तीचा पत्रा मधे येतो. टेप लोंबतो म्हणून दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर सरकवून, क्लँप लावून, त्याच उचलून दुसऱ्या बाजूला लावून पाहा. मिमीचा फरकही लगेच दिसतो.

शेवरोलेट५१

आभार. पिनांत खेळ नाही, स्क्रू घट्ट आहेत, पिलर हलत नाही. पट्ट्यांनी मोजलं. पुढे-वरून मागे-खाली जाणारा कर्ण डावीकडे ५ मिमी कमी, पुढे-खालून मागे-वर जाणारा ४ मिमी जास्त.

ओळंबा

बसलं. तोंड ढोबळमानाने ९०० रुंद, ११०० उंच धरलं तर पुढचा पिलर ६ मिमी खाली गेल्यावर एक कर्ण साडेचार मिमीच्या आसपास कमी होतो आणि दुसरा तेवढाच वाढतो. तुमचे आकडे तेच सांगतात. आता डाव्या पुढच्या माउंटखाली (केबिन चासीवर टेकते तो आधार) सहा मिमी पॅकिंग.

डेंटर_कोल्हापूर

ओळंबा दादा, निदान शंभर टक्के मान्य, इलाजाला थांबा जरा. माउंटखाली पॅकिंग घालून केबिन सुधारते ती जोवर पत्रा लवचिक आहे तोवर. ह्यांनी सिल नवीन लावलंय, पूर्ण वेल्ड केलंय. वर छप्पर आहेच. म्हणजे चौकट चारी बाजूंनी बंद झाली, तीही चुकीच्या आकारात. अशा केबिनखाली पॅकिंग घातलं की चौकट सुधारत नाही, अख्खी केबिन त्या कोपऱ्यावर उचलली जाते, मागचा माउंट ताणला जातो, आणि चाक खड्ड्यात गेलं की नवीन सिलच्या टाक्याला चीर जाते.

आधी परीक्षा घ्या. डाव्या पुढच्या माउंटचा बोल्ट सैल करा, काढू नका. माउंटच्या शेजारी, मजबूत जागी, लाकडाचा ठोकळा ठेवून हायड्रॉलिक जॅक लावा. दरवाजा बंद ठेवा, लॉकची पट्टी मात्र काढलेली. एकेक मिमी उचला आणि दर मिमीला वरची मागची फट मोजा. सहा उचलल्यावर फट सहाने कमी झाली तर पॅकिंग पुरेल. काहीच फरक पडला नाही तर दोष सगळा वेल्डिंगमध्ये कोंडलाय. मधलं काही आलं तर थोडं इकडचं, थोडं तिकडचं.

मिशिगनकर

डेंटर_कोल्हापूर यांच्या परीक्षेला +१. या मालिकेबद्दल थोडं.

ही केबिन १९४७ च्या मध्यापासून १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. पुढे दोन रबरी माउंट आणि मागे शॅकलसारखे दुवे, म्हणजे चासी पिळली तरी केबिनला पीळ कमी बसावा अशी रचना. मागच्या शॅकलची बुशं घट्ट धरलेली किंवा गंजलेली असतील तर रचनेचा उद्देशच संपतो आणि केबिन कायम पिळलेली राहते. म्हणून जॅक लावण्याआधी मागचे दुवे हाताने हलतात का पाहा.

रबरांचं: बाजारात मिळणाऱ्या नव्या रबरांची जाडी एकसारखी असेलच असं नाही. डावं-उजवं कॅलिपरने मोजा. रबर दाबलं गेल्यावरची जाडी महत्त्वाची, तेव्हा बोल्ट दोन्हीकडे सारखेच आवळून मग मोजा.

तसंच गाडी चाकांवर उभी असताना मोजा, चारी टायरमध्ये हवा सारखी. चासी मधेच दोन घोड्यांवर (स्टँडवर) टेकवली असेल तर ती बाकलेली असते आणि त्या मापांना अर्थ नाही. चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर, पुढे आणि केबिनच्या मागे, आडवी पाणसळ ठेवून बुडबुडा सारखा आहे ना ते आधी बघून घ्या. पीळ चासीत असेल तर केबिनशी झटापट करून उपयोग नाही.

१९४९ पासून पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे आली. भरलेली टाकी, सीट आणि माणसं हा सगळा भार केबिनवरच येतो. पक्कं माप घेण्याआधी टाकीच्या जागी तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवा.

सागवान

थोडं अवांतर. तिशीच्या दशकातल्या सुरुवातीच्या ट्रकांमध्ये पत्र्याखाली लाकडी सांगाडा असे. आपल्याकडे तर नंतरही पुष्कळदा कंपनीकडून फक्त इंजिन, चासी आणि काउल (काचेखालचा पुढचा पत्रा) घ्यायचं आणि केबिन इथल्या बॉडीबिल्डरने लाकडात बांधायची, अशीच रीत होती. त्या केबिनींमध्ये दरवाजा खरोखर लोंबतो, कारण चौकटीचे सांधे सैल होतात. तिथे कब्ज्याला हात लावण्याआधी सांध्यातली कूस (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) पाहायची. कुजलेली असेल तर नवा तुकडा जोडायचा, आणि दरवाज्याच्या आत वरच्या पुढच्या... नाही, खालच्या पुढच्या कोपऱ्यापासून वरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत लाकडी पट्टी दाबात राहील अशी बसवायची. लोखंडी सळई आणि टर्नबकल लावायचा तर उलटा कर्ण: वरच्या कब्ज्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्याला. सळई ताणली की मागचं टोक उचललं जातं. दोन्ही एकाच कर्णात लावलेले दरवाजे बघायला मिळतात, त्यात एक फुकट जातं.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. तिकडे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गोचे ट्रक निघत. त्यामुळे महाराष्ट्रात जुना ट्रक हाती आला की पोलादी केबिन मूळची की लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली, हे आधी चुंबक आणि टोच्या घेऊन तपासावं. दोघांची दुरुस्ती वेगळी.

गॅरेजगप्पा

सागवान, छान माहिती. अवांतरात अजून एक: २०२१ च्या व्हिंटेज नोंदणी नियमात ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात, मालवाहू वाहनं नाहीत. शिवाय चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. ट्रकवाल्यांनी मूळ नोंदणीची कागदपत्रं जपून ठेवावीत.

रंगारी

"फट किती ठेवायची" हा प्रश्न तसाच राहिला, म्हणून लिहितो.

या ट्रकला रंग झाल्यावर ५ मिमी, म्हणजे साधारण ३/१६ इंच, सगळीकडे सारखी. आजच्या मोटारीसारखी तीन-साडेतीन मिमी ठेवायच्या मागे लागू नका. कब्जे लांब, केबिन रबरावर हलणारी, दरवाजा जड. एवढ्या कमी फटीत वळणावर कड कडेला लागते आणि रंगाचे टवके उडतात.

रंगाची जाडी धरा. इपॉक्सी प्रायमर, सरफेसर, रंग आणि क्लिअर मिळून एका कडेवर ०.२ ते ०.३ मिमी होतात. फटीला दोन कडा, म्हणजे अर्धा मिमी कमी. उघड्या पत्र्यावर साडेपाच धरून चाला.

मोजायला पाच मिमीच्या ड्रिल-बिटाची मागची बाजू चालते. ती फटीतून सर्वत्र फिरवायची, कुठे अडकते कुठे सैल जाते तिथे खडूची खूण करायची. फूटपट्टी फटीवर धरून डोळ्याने वाचलेलं माप फसवं असतं, गोल कडेवर ते मोठं दिसतं.

आणि एक विनंती. कडेवर पुट्टी नको. फट रुंद आहे म्हणून कडेला पुट्टी चढवली की पहिल्याच वेळी दरवाजा जोरात लागला की ती निघते.

शेवरोलेट५१

चासी पाणसळीला बरोबर. मागचे दुवे मोकळे. रबरं दोन्हीकडे सारखी. जॅकची परीक्षा झाली: डावा पुढचा कोपरा ६ मिमी उचलल्यावर वरची मागची फट १० वरून ७ झाली. रेषेतला फरक ६ वरून ३ वर आला. त्यापुढे उचललं तर फट हलत नाही, केबिनच उचलली जाते.

डेंटर_कोल्हापूर

म्हणजे निम्मं लवचिकतेतलं, निम्मं वेल्डिंगमध्ये अडकलेलं. पॅकिंगने निम्मं भागवू नका. ते केबिनला कायम ताणात ठेवणं झालं. सिलचा आणि पुढच्या पिलरच्या पायाचा जोड खोला, चौकट योग्य जागी आणा, परत जोडा. सगळं सिल काढायची गरज नाही.

टाकेवाला

हे काम असं करा.

१) दरवाज्याच्या तोंडात आतल्या बाजूने एक इंची चौकोनी नळी आडवी लावा, पिलर ते पिलर, साधारण मधल्या उंचीला. रुंदी बरोबरच आहे, ती पक्की होते. कर्णातली नळी आत्ता लावायची नाही, नाहीतर चौकट हलणारच नाही. नळी आतून अशी लावा की दरवाजा टांगलेला राहील आणि बंद होईल. दरवाजा काढून केलेल्या वेल्डिंगचा भरवसा नाही, तो जागेवर असतानाच टाके पडले पाहिजेत.

२) पिलरच्या पायाशी सिल जिथे चढतं तिथले टाके शोधा. प्लग वेल्ड (भोक भरून केलेले टाके) असतील तर ग्राइंडरने सपाट करून ८ मिमीच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापा. सलग वेल्ड असेल तर १ मिमीच्या पात्याने तेवढीच रेघ. फ्लोअरची पिलरला लागून असलेली कडही तेवढ्या टप्प्यात मोकळी करावी लागेल, नाहीतर ती ओढून धरते.

३) आता जॅक. मोकळं झाल्यावर चौकट सहज हलेल, म्हणून एकदम नको. दरवाज्याची रेषा जुळेपर्यंत, आणि त्यावर एक मिमी जास्त. वेल्डिंग गार होताना आकसतं आणि सिल पिलरला खाली ओढतं, तो मिमी त्यासाठी.

४) आता कर्णातली नळी लावा, क्लँप लावा, चार ठिकाणी टाका मारा. दरवाजा उघडा-बंद करा. सगळ्या फटी परत मोजा. पटलं तरच पुढे.

५) पुरं वेल्डिंग उड्या मारत: एक टाका पुढे, एक मागे, एक मधे. हात लावता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा. ०.६ ची तार, आरगॉन मिश्रित गॅस असेल तर उत्तम. नुसत्या सीओटूने खोल जातं पण उष्णता जास्त आणि ठिणग्या जास्त, पातळ पत्र्यावर भोकं पडतात. पत्र्याची जाडी मोजून सेटिंग करा: १८ गेज म्हणजे १.२ मिमी, २० गेज म्हणजे ०.९. जुना जाड आणि नवा पातळ असा जोड असेल तर आर्क जाड पत्र्यावर धरून पातळाकडे न्यायची.

कुठे जुनं पितळ वेल्डिंग दिसलं तर त्यावर सीओटू चालवू नका. पितळ मिसळलं की टाका ठिसूळ होऊन चिरतो. तेवढा पत्रा कापून नवा तुकडा घाला.

नवशिक्या_०७

हे सगळं होत असताना लॉकची पट्टी का काढायची ते कळलं नाही.

गॅरेजगप्पा

कारण दरवाजा बंद होताना ती त्याला आपल्या उंचीला ओढून घेते. पट्टी दोन मिमी वर असेल तर मोजताना दरवाजा उचललेला दिसतो आणि खरी जागा कळत नाही. आधी फक्त कब्ज्यांवर दरवाजा योग्य जागी उभा राहिला पाहिजे. मग पट्टी लावायची, स्क्रू हलके आवळून दरवाजा हळू बंद करायचा, लॉक तिला आपल्या जागी नेतं, मग घट्ट करायचं. बंद होताना दरवाजा किंचितही वर-खाली होऊ नये. उचलला जात असेल तर पट्टी खाली घ्या.

शेवरोलेट५१

जोड खोलून परत वेल्ड केला, गार झाल्यावरची मापे: वरची फट पुढे ४, मागे ५. खालची पुढे ६, मागे ५. रेषा जुळली. पुढची ५-५-५, मागची वर ६ खाली ५. कर्ण दोन्ही बाजूंना एका मिमीच्या आत. सगळ्यांचे मनापासून आभार.

मागचा खालचा कोपरा ४ वरून ३ वर आला, पण अजून बाहेर आहे. वरचा मागचा कोपरा सपाट बसतो.

ओळंबा

दरवाजा बाहेर आहे की केबिनचा कोपरा आत, हे आधी ठरवा. काउलपासून केबिनच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सिलच्या वरच्या उंचीला दोरी ताणा, दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून. उजवीकडेही तसंच. मागच्या कोपऱ्याचा नवा पत्रा आकसून आत गेला असेल तर दरवाज्याला शिक्षा कशाला?

केबिन बरोबर आणि दरवाजाच बाहेर असेल तर वरचा कब्जा बाहेर घ्या. दरवाजा तीन बिंदूंवर उभा असतो: दोन कब्जे आणि लॉक. वरचा कब्जा बाहेर आला की तो खालचा कब्जा आणि लॉक यांच्या रेषेभोवती फिरतो आणि खालचा मागचा कोपरा आत जातो. लॉक कब्ज्यांच्या मधोमध आणि कोपरा लॉकच्या ४०० मिमी खाली धरला तर २ मिमी बाहेर घेतल्यावर कोपरा दीड मिमीच्या थोडा वर आत जाईल.

डेंटर_कोल्हापूर

पण मग वरचा पुढचा कोपराही दोन मिमी बाहेर येईल. तिथे वारा आधी लागतो. दरवाज्याची पुढची कड काउलच्या सपाटीला किंवा पाऊण-एक मिमी आत हवी, बाहेर कधीच नको. बाहेर असली की शिट्टी वाजते आणि पावसाचं पाणी आत वळतं.

मी दरवाजाच पिळेन. वरच्या मागच्या कोपऱ्यात, दरवाजा आणि पिलरच्या मधे, चिंधी गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरा. खालच्या मागच्या कोपऱ्याला दोन्ही तळव्यांनी किंवा गुडघ्याने दाब. झटका नको, वाढता दाब. काच आत नसताना. पत्रा परत फिरतो, म्हणून हवं त्याच्या दुप्पट न्यावं लागतं. दाब कडेवर द्या, मधल्या पत्र्यावर दिला तर पोचा पडेल. दरवाज्याच्या आतली खालची पट्टी गंजकी असेल तर हे करू नका, पीळ सगळा तिथेच गोळा होऊन पत्रा फाटेल.

ओळंबा

मान्य, पुढची कड आधीच सपाट असेल तर पिळणंच योग्य. पुढची कड दोन मिमी आत असेल तरच कब्जा. आणि कब्जा कुठल्या दिशेला सरकेल हे त्याचं पान कुठे टेकतं यावर आहे. पान ज्या सपाटीवर बसलंय त्या सपाटीतच ते सरकतं. तिला काटकोनातली हालचाल हवी तर पॅकिंगची पट्टीच लागते. स्क्रू सगळे एकदम सैल करू नका: एक कब्जा घट्ट ठेवून दुसरा हलवा.

मिशिगनकर

स्क्रू हलत नसतील तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, आणि त्याआधी डोक्याला उष्णता. आटे इंची आहेत, जवळपासचा मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने घातला तर आतली पट्टी बाद होते. मुंबईत नागदेवीला इंची आट्यांचे स्क्रू शोधले तर मिळतात.

टाकेवाला

मागची फट वर ६ खाली ५ उरलीय. ती सुधारायची असेल तर दरवाज्याच्या कडेला वरच्या अर्ध्या भागात १.६ मिमीची तार ठेवून टिग वेल्डिंगने छोटे टाके, मग कानसीने उतरत न्यायची. घासून फट वाढवायची वेळ आली तर जपून: कड म्हणजे बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो. दुमड घासली की दोन पत्रे सुटतात आणि तिथून गंज सुरू. अर्धा-पाऊण मिमी हवा असेल तर लाकडी ठोकळा ठेवून कड हातोडीने आत दाबणं बरं.

रंगारी

एका मिमीसाठी मी टिग लावणार नाही. सरफेसरचा एखादा हात वर जास्त देऊन उरलेलं नजरेला कळत नाही.

टाकेवाला

रंगारी, तुम्हीच वर कडेवर जाड थर नको म्हणालात. सरफेसरही पुट्टीचाच भाऊ. तार लावावी.

रंगारी

बरोबर. गडद रंग असेल तर तारच. फिक्या रंगात काळी फट जास्त उठून दिसते, तिथेही तारच म्हणतो.

शेवरोलेट५१

पिळून कोपरा १ मिमीवर आला. कड तार लावून साडेपाचला आणली. आता पुढे बॉनेट आणि मडगार्ड. दरवाजे रंगाला काढण्याआधी काही करून ठेवायचं का?

गॅरेजगप्पा

हो, आणि हे विसरू नका. काच, त्रिकोणी काच (५१ ला आलेली), वायंडर, लॉक सगळं एकदा घालून दरवाजा परत टांगा. वजनाने मागचं टोक खाली येईल. उतरलं तेवढं कब्ज्यात आत्ताच भरून काढा. मग प्रत्येक कब्ज्याच्या पानातून पिलरपर्यंत ३ मिमीची दोन भोकं पाडा, दरवाज्याच्या बाजूलाही दोन. रंग झाल्यावर त्या भोकांत ३ मिमीची ड्रिल-बिट घालून स्क्रू आवळले की दरवाजा जिथे होता तिथेच येतो. नव्या रंगावर दरवाजा धरून जुळवाजुळव करावी लागत नाही.

मिशिगनकर

बॉनेट आणि मडगार्डसाठी क्रम: या ट्रकमध्ये दरवाज्याची पुढची फट काउलशी असते, मडगार्डशी नाही, म्हणून तुमचं दरवाज्याचं काम आता खरंच संपलं. पुढे बॉनेट काउलशी जुळवा, नंतर मडगार्ड बॉनेटशी. रेडिएटरच्या चौकटीखाली जी पॅकिंग असते तिने पुढचा सगळा पत्रा वर-खाली होतो. ती उचलली की मडगार्डची मागची कड वरच्या बाजूला केबिनकडे सरकते आणि खाली दूर जाते. उतरवली की उलट. मडगार्डचे सगळे बोल्ट हातानेच लावून ठेवा आणि सांध्यातली बीडिंग घालूनच जुळवा, ती दीड-दोन मिमी जागा खाते.

डेंटर_कोल्हापूर

दरवाज्याचं रबर मात्र सगळ्यात शेवटी. नवं रबर कडक असतं, पहिले काही दिवस दरवाजा मागे दोन-तीन मिमी बाहेर राहतो. तेव्हा घाबरून कब्जे हलवू नका. लॉकची पट्टी किंचित बाहेर घ्या, दरवाजा बंद ठेवून गाडी उन्हात उभी करा, रबर बसेल तसतशी पट्टी आत. महिन्याने ड्रिल-बिट परत फिरवून बघा आणि मापे इथे टाका.